चिकटलेला स्टार्टर

भुसावळजवळच्या दीपनगरचे नाव घेतले की डोळ्यांपुढे उभी राहतात ती औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. १९६८ साली इथे पहिला संच सुरू झाला. तो आता बंद झाला आहे. पण त्यानंतर आलेल्या संचांत प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत. तापीवरच्या हतनूर धरणाचे पाणी, बाहेरून आलेला कोळसा, त्या दोहोंची वाफ आणि वाफेची वीज, असा हा कारभार आहे. ही वीज राज्याच्या मोठ्या जाळ्यात मिसळते, तारांवरून हिंडते, गावाच्या डीपीवर उतरते आणि शेवटी रावेर, यावल, चोपड्याकडच्या केळीच्या मळ्यात, विहिरीच्या काठी टांगलेल्या एका लहानशा पत्र्याच्या पेटीपाशी येऊन उभी राहते. त्या पेटीचे नाव स्टार्टर.

नावावरून वाटते की मोटार सुरू करणे एवढेच हिचे काम. पण मोटार सुरू करायला तसा एक साधा खटकाही पुरला असता. स्टार्टरचे खरे काम दुसरेच आहे. वेळ आली की मोटारीला सोडून देणे, हे ते काम. व्होल्टेज पडले, एक फेज गेला, पंपात गाळ अडकून मोटारीवर भार आला, किंवा तुम्ही लाल बटण दाबले, की याने ताबडतोब हात सोडला पाहिजे. माणसाचेही असेच आहे बघा. धरणे सोपे, सोडणे अवघड! आणि स्टार्टरचा सर्वांत वाईट आजार तोच: धरलेले सोडता न येणे. "दादा, लाल बटण दाबलं, पण मोटार बंदच होत नाही!" अशी हाक मळ्यातून आली, की समजावे, स्टार्टर चिकटला.

अशा वेळी काय करावे, कशावरून रोग ओळखावा आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय सांभाळावे, हे आज आपण पाहू. मात्र त्याआधी पेटीच्या आत काय आहे ते समजून घ्यायला हवे. यंत्राची कळ समजली की भीतीही कमी होते आणि फाजील धाडसही कमी होते.

तारेतून वीज वाहू लागली की तिच्या आसपास चुंबकत्व निर्माण होते, ही गोष्ट डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली दाखवली. पुढे १८२५ साली इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने लोखंडाभोवती तार गुंडाळून विजेचा लोहचुंबक केला. या चुंबकाची गंमत अशी की वीज असेल तोवरच तो चुंबक. वीज गेली की नुसते लोखंड. स्टार्टरच्या पोटात हाच चुंबक बसलेला आहे. तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी, तिला आपण कॉईल म्हणतो. तिच्यात लोखंडी पत्र्यांचा एक पक्का गाभा. आणि समोर स्प्रिंगने दूर धरलेला एक हलता गाभा. हलत्या गाभ्याला तीन जोड्या पॉइंट जोडलेले असतात, प्रत्येक फेजला एक. हिरवे बटण दाबले की कॉईलमध्ये वीज येते, 'खट्' आवाज होऊन हलता गाभा ओढला जातो, तिन्ही पॉइंट मिटतात आणि मोटार फिरू लागते. कॉईलची वीज तोडली की स्प्रिंग गाभ्याला परत ढकलते, पॉइंट उघडतात आणि मोटार थांबते. या सबंध जुळणीला वायरमन मंडळी कॉन्टॅक्टर म्हणतात.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळ्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. स्टार्टरमध्ये मोटारीची राखण करणारे पहारेकरी तीन. पहिला लाल बटणाचा. दुसरा ओव्हरलोड रिलेचा: त्यात दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते, प्रवाह वाढला की ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, म्हणून पट्टी वाकते आणि खटका पाडते. तिसरा पहारेकरी सिंगल फेज प्रिव्हेंटर, तीनपैकी एक फेज गेला की ओळखणारा. आपल्याला वाटते, तीन-तीन पहारेकरी आहेत, आता चिंता कसली? पण हे तिघे मोटारीची वीज स्वतः तोडत नाहीत. तिघेही फक्त कॉईलची वीज तोडतात. पुढे पॉइंट उघडण्याचे काम त्या एका हलत्या गाभ्याचे आणि स्प्रिंगचे. म्हणजे पहारेकरी तीन, पण दरवाजा एकच! दरवाजाच गंजून बसला तर तिघांनी कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही. म्हणून स्टार्टर चिकटणे ही नुसती गैरसोय नव्हे. त्या घटकेपासून मोटारीला राखण उरत नाही, आणि मोटारीजवळ जाणाऱ्या माणसालाही उरत नाही.

लाल बटण दाबूनही मोटार थांबली नाही, तर प्रथम काय करावे? स्टार्टरच्या पेटीवर दणके घालू नयेत. झाकण उघडून काठीने किंवा पेचकसाने गाभा ढकलू नये. चालू मोटारीचा प्रवाह असा अर्धवट तुटला तर पॉइंटमध्ये मोठी ठिणगी पडते आणि ती ढकलणाऱ्याच्या तोंडावर येते. कोरड्या हाताने, पायात कोरडी चप्पल किंवा बूट घालून, तोंड बाजूला वळवून मेन स्विचचा दांडा एका झटक्यात खाली ओढावा. अर्ध्यावर रेंगाळू नये. मेन स्विच मोडका असेल, पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, किंवा खाली पाणी साचले असेल, तर हात लावूच नये. दूर उभे राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि वीज कंपनीच्या वायरमनला बोलवावे. १९१२ या क्रमांकावरही तक्रार करता येते. डीपीवर जाऊन आपणच फ्यूज ओढण्याचा मोह कित्येकांना होतो. त्या मोहापायी दरवर्षी माणसे जातात. मोटार जळाली तर गुंडाळून मिळते. माणूस गुंडाळून मिळत नाही.

मेन स्विच पाडल्यावरही 'वीज गेली' असे समजून चालू नये, ती गेल्याची खात्री करावी. वायरमन यासाठी दोन दिवे एकापुढे एक जोडून चाचणीचा दिवा करतात. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात, तिथे २३० व्होल्टचा एकच दिवा लावला तर तो फुटायचा. चाचणीचा दिवा आधी चालू लाईनवर पेटतो का ते पाहावे, मग बंद केलेल्या जागी लावावा आणि पुन्हा एकदा चालू लाईनवर लावून पाहावा. असे का? तर मधल्या वेळी दिवाच गेला असेल तर 'वीज नाही' असे खोटेच वाटेल. मोटारीला कपॅसिटर जोडलेला असेल तर त्याच्या पोटात वीज काही वेळ शिल्लक राहते. निदान पाच मिनिटे थांबावे आणि मगच पुढे जावे. हे चाचणीचे आणि दुरुस्तीचे काम परवानाधारक वायरमनचे. परंतु तो काय करतो आहे हे मालकाला कळत असेल तर काम चोख होते आणि उगाच नवा स्टार्टर गळ्यात पडत नाही.

आता रोगाची परीक्षा. पहिला प्रश्न अगदी सोपा आहे: मेन स्विच पाडल्यावर स्टार्टरमधून गाभा सुटल्याचा 'खट्' आवाज आला काय?

आवाज आला, गाभा परत आपल्या जागी गेला, तर आनंदाची गोष्ट. कॉन्टॅक्टर चिकटलेला नाही. त्याला सोडण्याचा हुकूमच पोहोचत नव्हता. दोष पहारेकऱ्याच्या आणि दरवाजाच्या मधल्या वाटेवर आहे. लाल बटणाची स्प्रिंग गंजून बटण आतल्या आत अडकले असेल. बटणामागची पत्ती वाकली असेल. हुकमाच्या दोन बारीक तारांचे आवरण उंदराने कुरतडून त्या एकमेकींना टेकल्या असतील. किंवा बाहेरून जोडलेला ऑटो स्विच, नाहीतर मोबाईलवर चालणारे यंत्र, कॉईलला परस्पर वीज देत असेल आणि त्यामुळे लाल बटणाला वळसा पडला असेल. हा शेवटचा प्रकार फार आढळतो. ऑटो स्विच जोडताना लाल बटण आणि ओव्हरलोड हे दोन्ही कॉईलच्या वाटेतच राहिले पाहिजेत. घाईने जोडणाऱ्याने वळसा घातला की मोटार आपोआप सुरू तर होते, पण राखणदार बाहेर राहतात. आणखी एक जुनी खोड आहे: वीज आली की मोटार आपली आपण लागावी म्हणून हिरव्या बटणात काडी खुपसून ठेवायची. ती काडी म्हणजे कॉईलला कायमचा 'धरून ठेव' हा हुकूम. व्होल्टेज पडून गाभा सुटला तरी काडी त्याला पुन्हा धरायला लावते; सुटला की धर, धरला की सूट, असा खेळ चालू राहतो. या खेळाचा शेवट काय होतो ते आपण थोड्या वेळाने पाहू.

मेन स्विच पाडल्यावरही आवाज आला नाही, गाभा मिटलेलाच राहिला, तर मात्र कॉन्टॅक्टर खरोखरच चिकटला. आता दुसरा प्रश्न: तो कुठे चिकटला? जागा तीनच आहेत. चुंबकाची तोंडे, हलणारी सांधेजुळणी आणि पॉइंट. वीज नसल्याची खात्री झाल्यावर वायरमन गाभ्याला हलकेच मागे ओढून पाहतो. कसा सुटतो त्यावरून पुष्कळ कळते.

थोडा चिकट लागून, डिंकातून सुटावा तसा सुटला, तर दोष चुंबकाच्या तोंडांचा. नव्या कॉन्टॅक्टरच्या तोंडांना गंज लागू नये म्हणून कारखान्यातून पातळ ग्रीस लावून येते. ते बसवताना पुसायचे राहून जाते. किंवा कोणीतरी मोठ्या मायेने स्टार्टरला तेल घातलेले असते! तेल, त्यावर मळ्यातली धूळ आणि त्यावर वैशाखाचे ऊन, की झाला डिंक. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या पेटीत तर त्याहूनही जास्त तापते. कॉन्टॅक्टरच्या चुंबकाला तेल कधीही घालायचे नसते. कोरड्या स्वच्छ फडक्याने तोंडे पुसायची, इतकेच.

तोंडे स्वच्छ आहेत तरीही गाभा धरून राहतो, असेही कधी घडते. त्याचे कारण सूक्ष्म आहे. लोखंडातले चुंबकत्व वीज गेल्यावर पुरते जात नाही, किंचित मागे उरते. हे उरलेले चुंबकत्व गाभ्याला धरून ठेवू नये म्हणून कारागिराने एक युक्ती केलेली असते. गाभ्याला तीन पाय असतात. त्यांतला मधला पाय मुद्दामच केसभर आखूड ठेवतात. बाहेरचे दोन पाय टेकले तरी मध्ये थोडी फट राहते, आणि ती फट उरलेल्या चुंबकत्वाचा जोर मोडते. वर्षानुवर्षे आपटून बाहेरचे पाय झिजले की फट बुजते, आणि वीज नसतानाही गाभा चिकटून राहतो. कानशीने बाहेरचे पाय घासून 'सारखे' करणाराही नेमके हेच करतो. यावर इलाज गाभ्याची जोडी बदलण्याचाच.

गाभा खरखरत, अडखळत सुटला, तर दोष सांध्यांचा. स्प्रिंग तुटली असेल, सरकण्याच्या खाचेत गंज किंवा माती असेल, मुंगळ्यांनी घर केले असेल. स्टार्टरची पेटी ही मुंग्या, पाली आणि कुंभारमाशांची आवडती जागा. खाच साफ करावी, स्प्रिंग बदलावी आणि पेटीची मोकळी भोके बुजवावीत.

आणि गाभा ओढूनही हलला नाही, किंवा 'कट्' असा तुटल्यासारखा आवाज होऊन सुटला, तर पॉइंट एकमेकांना जोडले गेले, म्हणजे लोहाराने भट्टीत दोन तुकडे जोडावेत तसे सांधले गेले, असे समजावे. चिकटण्याचा सर्वांत गंभीर प्रकार हा. यात कधी तिन्ही पॉइंट सांधतात, कधी एकच. वायरमन गाभा मागे असताना प्रत्येक फेजची येणारी आणि जाणारी बाजू मीटरने तपासतो. जिथे वाट जुळलेली दिसते तो पॉइंट सांधलेला.

एकच पॉइंट सांधला असेल तर काय होते? मोटार थांबते! दोन फेज तुटले म्हणून ती फिरत नाही. मालकाला वाटते, सारे ठीक झाले. पण तिसऱ्या फेजची वीज मोटारीच्या गुंडाळीत तशीच उभी असते. पंपाची दुरुस्ती करायला कोणी विहिरीत उतरला, मोटारीच्या तारांना हात लावला, की घात. म्हणून 'मोटार बंद आहे' आणि 'मोटारीत वीज नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे घरातल्या लहानथोरांना शिकवून ठेवा. मोटारीला हात लावायचा तर मेन स्विच पाडलाच पाहिजे, स्टार्टर बंद दिसो की चालू. आणि दोन पॉइंट सांधले तर मोटार दोन फेजांवर नुसती घूं घूं करत उभी राहते, तापते आणि काही मिनिटांत तिची गुंडाळी जळते. ओव्हरलोडची पट्टी वाकते, हुकूम देते, पण दरवाजा उघडत नाही.

पॉइंट सांधतात कसे? पॉइंटच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा तुकडा असतो. चांदी वितळते साधारण ९६२ अंश सेल्सिअसला, आणि ठिणगीची उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. एक ठिणगी क्षणात विझली तर चांदी थोडीशी वितळून पुन्हा थिजते, बिघडत काही नाही. पण पॉइंट एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले, असे थरथरत राहिले, तर दर वेळी ठिणगी पडते, दर वेळी चांदी पातळ होते. आणि पातळ झालेल्या दोन तोंडांवर स्प्रिंगचा दाब आला की ती थिजताना एक होऊन जातात. हिरव्या बटणातल्या काडीच्या खेळाचा शेवट हा!

ही थरथर येते प्रामुख्याने कमी व्होल्टेजमुळे. चांगला कॉन्टॅक्टर आपल्या ठरलेल्या दाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४१५ व्होल्टच्या कॉईलला सुमारे ३५३ व्होल्ट मिळेपर्यंत, गाभा खात्रीने ओढतो. त्याच्या खाली खात्री नाही. तो धड ओढतही नाही, धड सोडतही नाही.

आता एक हिशेब करू. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. पण सुरू होताना क्षणभर सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास ओढते. एका ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटारी आहेत असे धरा. चालताना दहांचे मिळून ७५ अँपिअर, आणि डीपीची ताकद सुमारे ८४. हिशेब बसला. पण दहाही जणांनी ऑटो स्विच लावले आहेत. वीज येते, आणि दहाही मोटारी एकाच क्षणी उठतात: ४५० अँपिअर! डीपीच्या ताकदीच्या पाचपटीहून जास्त. व्होल्टेज एकदम पाऊणपटीवर येऊ शकते; लांबच्या, बारीक तारेच्या शेवटी असलेल्या मळ्यात त्याहूनही खाली. दहाही कॉन्टॅक्टर थरथरू लागतात. कुणाचा पॉइंट सांधतो, कुणाची कॉईल जळते, आणि पुष्कळदा डीपीच जातो. मग ऐन उन्हाळ्यात बागेला पाणी नाही, केळीचे घड पोसायचे थांबतात, आणि सगळे गाव वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडते.

म्हणजे पाहा, तुमच्या पेटीतला पॉइंट सांधला त्याचे कारण तुमच्या पेटीत नसेलही. ते दहा मळ्यांत वाटलेले असेल. जिथे अजून थ्री फेज वीज रात्रीची येते, तिथे ऑटो स्विचचा मोह का होतो हे उघड आहे. अंधारात साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर कोण जाणार? यावलच्या डोंगरपायथ्याला तर बिबट्याचीही धास्ती. तेव्हा नुसते 'ऑटो स्विच काढा' म्हणून भागत नाही. पण एका डीपीवरच्या मंडळींनी एकदा पारावर बसून ठरवायला काय हरकत आहे? ऑटो स्विचला उशीर लावणारा टायमर मिळतो. पहिल्याने वीज आल्यावर एक मिनिटाने, दुसऱ्याने दोन मिनिटांनी, तिसऱ्याने तीन, असा क्रम लावला तर दहाव्या मोटारीला दहा मिनिटे थांबावे लागेल, इतकेच. जो तो आपल्या मोटारीला योग्य कपॅसिटर बसवील तर तारेतला प्रवाहही कमी होतो. हा खर्च एका मोटारीच्या रिवायंडिंगपुढे काहीच नाही.

सांधलेले पॉइंट ओढून सोडवले आणि पुन्हा चालवले, असे करू नये. ते खडबडीत झालेले असतात, पुन्हा सांधणारच. तिन्ही जोड्या, त्यांच्या स्प्रिंगांसह, एकदम बदलाव्यात. एकच नवी जोडी घातली तर तिन्ही फेज एकाच वेळी मिटत नाहीत. मात्र पॉइंट नुसते काळे पडले म्हणून कानस घेऊन बसू नये. चांदीवरचा काळेपणा वीज अडवत नाही. कानशीने मात्र चांदीच निघून जाते. चांदी झिजून खालचे तांबे दिसू लागले की मगच बदलायची वेळ आली असे समजावे. आणि फ्यूजमध्ये ठरलेलीच तार घालावी. पॉइंट सांधले असताना शेवटचा खरा राखणदार तो फ्यूज. जाड तार घालणे म्हणजे त्या राखणदाराला लाच देऊन झोपवणे.

चिकटण्याचा एक उलटा प्रकारही आहे, त्याची ओळख करून घेऊ. हिरवे बटण दाबले, कॉन्टॅक्टर घुर्रर्र करतो पण पुरता मिटत नाही. बहुधा गाभ्याच्या फटीत पाल चिरडलेली असते, नाहीतर खडा अडकलेला असतो. इथे 'थोडा वेळ दाबून धरू, मिटेल' असे म्हणू नये. गाभा उघडा असताना कॉईल कितीतरी पट जास्त प्रवाह ओढते. तो मिटला की प्रवाह आपोआप कमी होतो. अर्धवट मिटलेली कॉईल काही मिनिटांत जळून वास सुटतो. गाभा पुरता मिटूनही मोठा घुरघुराट येत असेल, तर त्याच्या तोंडावरचे तांब्याचे कडे तुटले असेल. आपली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. त्या क्षणी गाभा सुटू नये म्हणून हे कडे थोडे चुंबकत्व टिकवून धरते. कडे तुटले की गाभा सेकंदाला शंभरदा कापतो.

ही गोष्ट विहिरीवरच्या स्टार्टरपुरतीच नाही. पूर्वी घरोघरी मुले बॅगाटेलच्या फळीवर गोळ्या खेळत. तिचे विजेवर चालणारे भावंड म्हणजे पिनबॉल. १९४७ साली अमेरिकेत त्याला गोळी उडवणाऱ्या विजेच्या पट्ट्या आल्या. त्या पट्टीच्या कॉईललाही दोन गुंडाळ्या असतात: ओढायला जोरकस आणि धरून ठेवायला हलकी. पट्टी पुरती उचलली गेली की एक बारीक खटका जोरकस गुंडाळीची वीज तोडतो. तो खटका चिकटला की कॉईल धुमसू लागते. खेळ असो की शेती, विजेच्या चुंबकाचा नियम एकच. ओढायला जोर लागतो, धरायला थोडका पुरतो; आणि ओढण्याचा जोर थांबला नाही तर तोच जाळतो.

मग दीपनगरसारख्या मोठ्या केंद्रात काय करतात? तिथेही रिले आहेत, तिथेही कॉईल आहेत, आणि प्रचंड आकाराचे ब्रेकर आहेत. रिले हा शब्द मूळचा डाकेच्या घोड्यांचा: थकलेल्या घोड्याच्या जागी ताजा घोडा जोडावा, तसा दुबळ्या हुकमाला नवा जोर देणारा हा टप्पा. अशा केंद्रांत अभियंते एक गोष्ट आधीच गृहीत धरतात: ब्रेकर कधीतरी चिकटणार. म्हणून ब्रेकर उघडणाऱ्या कॉईलची वाट शाबूत आहे की नाही, यावर सतत नजर ठेवणारी व्यवस्था असते. आणि हुकूम देऊनही सेकंदाच्या छोट्या अंशात ब्रेकर उघडला नाही, तर दुसरा रिले त्याच्या शेजारचे सगळे ब्रेकर पाडून टाकतो. एकाच दरवाजावर विसंबायचे नाही, हा तिथला शिरस्ता. आपल्या मळ्यात हा दुसरा दरवाजा म्हणजे चांगला मेन स्विच आणि योग्य फ्यूज. स्टार्टरवर हजारो रुपये घालणारा माणूस मेन स्विच मात्र मोडका ठेवतो आणि तारा थेट आकड्यावर टांगतो. त्याचा स्टार्टर चिकटला की त्याच्या हाती काहीच उरत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, वर्षातून दोनदा, मृगबागेच्या लागवडीआधी एकदा आणि कांदेबागेच्या वेळी एकदा, वायरमनला बोलावून पेटी उघडून घ्या. मेन स्विच पाडून धूळ झटका, चुंबकाची तोंडे पुसा, पॉइंट पाहा, ढिले झालेले स्क्रू आवळा, भोके बुजवा, अर्थिंगची तार जागेवर आहे ना ते बघा. ओव्हरलोडचा आकडा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरशी जुळतो का ते विचारा. आणि एक चाचणी तर तुम्ही दर आठवड्याला स्वतः करू शकता, तिला पैसा लागत नाही. मोटार चालू असताना लाल बटण दाबा आणि कान द्या. 'खट्' असा स्वच्छ, एकच आवाज आला पाहिजे आणि मोटार लगेच उतरली पाहिजे. आवाज उशिरा आला, दबका आला किंवा दोनदा आला, तर स्टार्टर तुम्हाला आधीच सांगतो आहे. त्याचे तेव्हाच ऐकावे. पुरता चिकटल्यावर तो काही सांगत नाही.